एम३४०आयच्या सीटखाली नवे वूफर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गाडी बीएमडब्ल्यू एम३४०आय, मी दुसरा मालक, आणि कंपनीची वॉरंटी संपेपर्यंत गाडीतल्या एका स्क्रूलाही हात लावला नव्हता. गेल्या दिवाळीच्या जरा आधी दोन्ही पुढच्या सीटखालचे मूळ वूफर (बेस, म्हणजे खालचे सूर वाजवणारे स्पीकर) काढले आणि त्याच जागी फोकल कंपनीचे ८ इंची चपटे वूफर टाकले, बीएमडब्ल्यूच्या याच जागेसाठी बनवलेले येतात ते, आणि त्यांना चालवायला वेगळा डीएसपीवाला (आवाजाची डिजिटल जुळवणी करणारा) अॅम्प, म्हणजे अॅम्प्लिफायर, दिला. आता हिवाळा, उन्हाळा आणि बराचसा पाऊस काढून झालाय म्हणून लिहितोय, कारण फिटिंगनंतरच्या पहिल्या आठवड्यात कुठलीही सिस्टम भारीच वाटते, तेव्हाचं मत काही कामाचं नसतं.

मूळ सिस्टमबद्दल आधी सांगतो, ती वाईट अजिबात नाही. हार्मन कार्डन, १६ स्पीकर, ४६४ वॅट, बोलणं स्वच्छ ऐकू येतं, गायकाचा आवाज समोर डॅशबोर्डवर बसतो, घरच्या सगळ्यांना ती पुरेशी होती. मला हवा होता ढोल. नाशिकच्या माणसाला दुसरं काय सांगू, गणपतीत अशोक स्तंभाजवळ पथकाच्या समोर उभं राहिलं की छातीत जो ठोका बसतो तो गाडीत निम्मा जरी आला तरी चालेल एवढीच अपेक्षा. आवाज वाढवला की ताशा वाढायचा, ढोल तिथेच राहायचा. बहुतेक कंपनी सिस्टममध्ये असंच असतं, व्हॉल्यूम वर गेला की स्पीकर जपायला अॅम्प खालची फ्रिक्वेन्सी मुद्दाम कमी करत जातो.

मुंबई नाक्याकडे एका दुकानात विचारलं तर पोरगा लगेच म्हणाला, "दादा, डिकीत बारा इंची बेस ट्यूब टाकू ना, काच हलेल." हलेल की, मान्य. पण डिकी मला लागते, निफाडला गाव आहे, येताना कधी भाजी कधी द्राक्षाची पेटी कधी आईने भरून दिलेलं काहीतरी असतंच, आणि दुसरं म्हणजे सेडानमध्ये डिकी आणि केबिनच्या मध्ये मागची सीट असते, त्यामुळे मागून येणारा बेस मागूनच येतोय हे कळत राहतं. त्यात त्याने कंपनीचं वायरिंग कापून जोड मारायची गोष्ट काढली, मग मी तिथून निघालोच.

आता मुद्द्याची गोष्ट, जी फिटिंग करणारे बरेच जण सांगत नाहीत. या गाडीत दाराचे स्पीकर फक्त ४ इंची आहेत. इतर बऱ्याच गाड्यांत दारात साडेसहा इंची असतो, तो मिडबास, म्हणजे बेसचा वरचा भाग, सांभाळतो आणि सबवूफरला फक्त अगदी खालचं काम उरतं. इथे दारातला छोटा स्पीकर खाली फार जाऊ शकत नाही, त्यामुळे सीटखालच्या वूफरला वरती १००-१५० हर्ट्झपर्यंत वाजावं लागतं. म्हणजे पखवाजाची धूम, तबल्याचा डग्गा, ढोलाचा ठोका, बेस गिटार, पुरुषी आवाजाचा खर्ज, हे सगळं तुमच्या मांडीखालून येतं. म्हणून या जागी जड कोनचा, फक्त धुम्म धुम्म करणारा सबवूफर टाकला तर खाली एक ढेकूळ आणि वर दाराचा आवाज, मध्ये खड्डा. चांगला वूफर म्हणजे खाली किती जातो यापेक्षा वर किती स्वच्छ वाजतो ते बघा. मी अर्थक्वेक कंपनीचा चपटा ८ इंचीपण डोक्यात ठेवला होता, बरेच लोक तो टाकतात, पण त्याला अॅडॅप्टर रिंग लागते आणि मला मूळ जागेत जसंच्या तसं बसणारं हवं होतं, म्हणजे उद्या गाडी विकायची झाली तर मूळ वूफर परत लावता येतात.

फोकलच्या या वूफरचे दोन प्रकार येतात, २ ओहम आणि ४ ओहम (ओहम म्हणजे वूफरचा विद्युत विरोध). मूळ अॅम्पवरच चालवायचे असतील तर मूळ वूफर जितक्या ओहमचा तितकाच घ्या, उगाच कमी ओहमचा घेऊन अॅम्पवर लोड टाकू नका. मल्टीमीटर लावला तर लिहिलेल्या ओहमपेक्षा आकडा थोडा कमीच दिसतो, ४ वाला तीन-सव्वातीन दाखवेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नुसते वूफर बदलून मूळ अॅम्पवर आम्ही थोडा वेळ वाजवून बघितले, फरक होता, पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेवढा नव्हता. खरा फरक वेगळ्या अॅम्पने पडला. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर थांबा, पैसे जमवा आणि दोन्ही एकदम करा. माझा एकूण खर्च लाखाच्या जरा वर गेला आणि त्यात वूफरपेक्षा अॅम्प, वायरिंग आणि ट्यूनिंग हेच जास्त आहे.

फिटिंग ज्याच्याकडून करून घेतलं तो अंबड भागात शांतपणे काम करणारा माणूस आहे, दिवसाला एकच गाडी घेतो. सीटचे चार बोल्ट सोडले आणि सीट पूर्ण बाहेर न काढता मागे कलंडवली, त्यामुळे सीटखालचा एअरबॅगचा पिवळा कनेक्टर काढावाच लागला नाही. तो काढायची वेळ आलीच तर आधी बॅटरी सोडवायची आणि कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन अजिबात लावायचं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. कार्पेटमधली जाळी उचकटली की खाली प्लास्टिकचा चपटा डबा, त्यात वूफर. हा डबा पुढे दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळीला जोडलेला असतो, म्हणजे आपण गाडीत चढताना ज्याच्यावरून पाय टाकतो ती पत्र्याची पोकळीच वूफरची पेटी म्हणून वापरलेली आहे. मला हे बघून खरंच कौतुक वाटलं, एवढ्याशा जागेत एवढी हवा मिळवायची म्हणजे डोकं लावलंय.

पण यामुळेच सगळ्यात महत्त्वाचं काम ठरतं ते सीलिंगचं. वूफरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकांना भेटली की बेस खलास, कारण कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतो, दोन्ही मिसळले की एकमेकांना मारतात. आमच्या माणसाने नव्या वूफरची कडा फोम गॅस्केटवर बसवली, स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळले, मग बोट फिरवून कुठे हवा येतेय का बघत खालच्या सुरात वूफर वाजवला. डाव्या बाजूला एका कोपऱ्यात फुस्स असा बारीक आवाज होता, परत उघडून ब्युटाइलची (चिकट रबरी सीलंटची) बारीक वळी करून लावली आणि तो गेला. त्या एका वळीने ड्रायव्हर साईड आणि शेजारची साईड सारखी वाजायला लागली. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर लागलेत का ते, बघायला त्याने साधा दीड व्होल्टचा सेल वापरला. वायर क्षणभर सेलला टेकवली की कोन बाहेर येतो का आत जातो ते डोळ्याने दिसतं. दोन्ही एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक उलटा लागला तर गंमत अशी होते की एकेकटा वाजवला तर बरोबर वाटतो आणि दोन्ही एकदम लावले की बेस गायब. बॅटरीपासूनची पॉवर वायर अस्सल तांब्याची घेतली, बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर जाड दिसते म्हणून खपवतात, ती घेऊ नका, आणि फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत हवाच, तो अॅम्पजवळ लावून उपयोग नाही कारण मधली वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कोणी नसतं. सिग्नल मूळ अॅम्पच्या स्पीकर आऊटपुटवरून घेतला, जोड मारायला तयार कपलरचं हार्नेस (प्लगसकट वायरचा संच) वापरलं, कंपनीची एकही वायर कापलेली नाही.

ट्यूनिंगला अर्धा दिवस गेला आणि तो वसूल झाला. डीएसपीमध्ये प्रत्येक वूफरला वेगळा डिले देता येतो, म्हणजे त्याचा आवाज किंचित उशिरा सोडता येतो. आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, उजवा वूफर माझ्या बुडाखाली आणि डावा शेजारच्या सीटखाली, तेवढा फरक डिलेने भरून काढला की बेस सीटखालून न येता समोरून येतोय असं वाटायला लागतं. मला हे आधी पटत नव्हतं. त्याने बटण दाबून आधीचं आणि नंतरचं ऐकवलं तेव्हा ढोल एकदम बॉनेटवर जाऊन बसला.

आता रोजचा अनुभव. कॉलेज रोडला पन्नासच्या आत गाडी असते तेव्हा कमी आवाजातसुद्धा संगीत भरलेलं वाटतं, मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो, आता व्हॉल्यूम आधीपेक्षा कमीच ठेवतो. हायवेला टायरचा आणि वाऱ्याचा घुमणारा आवाज नेमका खालच्या पट्टीतला असतो आणि तो बेस खाऊन टाकतो, तिथे हे वूफर टिकतात. समृद्धीवर इगतपुरीचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, आत गेलं की गाडीभोवती एकच घोंगाट असतो, तिथेही पखवाज वेगळा ऐकू येतो. डग्ग्यावरची मींड, म्हणजे तळहात सरकवल्यावर जो घुमारा वर चढतो, तो आधी नुसता एक धप्प होता, आता तो कुठून सुरू होऊन कुठे संपला ते कळतं.

जे मिळत नाही तेही सांगतो. ४० हर्ट्झच्या खाली फार काही नाही. हा निसर्गनियम आहे, एक सप्तक खाली गेलात की तेवढ्याच आवाजासाठी कोनला चौपट हलावं लागतं आणि चपट्या वूफरला हलायला जागाच नसते. आम्ही खाली फिल्टर लावून वूफरला तिथे जाऊच दिलं नाही, म्हणून तो फाटत नाही. डीजेवाला बेस, पोटात गोळा येणारा, तो हवा असेल तर डिकीतच जा.

स्पोर्ट मोडमध्ये एक बदल जाणवला. या गाडीत इंजिनचा थोडा आवाज स्पीकरमधूनही दिला जातो, आणि वूफर दणकट झाल्यावर तो आवाजही भरला, मधल्या आरपीएमला केबिन गुंजतं. मला आवडतं, सहा सिलिंडरला ते शोभतं, पण लांबच्या प्रवासात बायकोचं डोकं दुखतं म्हणून तेव्हा कम्फर्ट मोड. बाबा बसतात तेव्हा दुसरा प्रीसेट (डीएसपीत साठवलेलं वेगळं ट्यूनिंग) लावतो. त्यांचं म्हणणं, "अरे, सीट थरथरते, कंबरेला लागतं," आणि ते बरोबर आहे, वूफर थेट सीटखाली असल्याने आवाजाआधी अंगाला जाणवतो. म्हणून दोन प्रीसेट असलेला डीएसपीच घ्या, घरात वयस्कर माणसं असतील तर ते लागतंच.

खडखड हा विषय दोन-तीन महिन्यांनी आला. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जिकडे तिकडे खोदून ठेवलंय, त्या रस्त्यांवर सगळ्याच गाड्यांची प्लास्टिकं सैल होतात, त्यात खालून बेस. फोनवर हळूहळू वर चढत जाणारा सूर लावला आणि घरी पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून ऐकलं, साठच्या आसपास उजवीकडे काहीतरी बझ्झ करत होतं. हाताने एकेक जागा दाबत गेलो तर उंबऱ्यावरच्या पट्टीची मागची क्लिप. तिच्याखाली फेल्ट टेपचा तुकडा लावला, बंद. दुसरा आवाज सीटच्या रुळात पडलेल्या नाण्याचा होता.

पावसाची मला सगळ्यात जास्त काळजी होती, कारण वूफर गाडीच्या तळाशी आहे. ओल्या चपला, छत्रीचं पाणी, सगळं तिकडेच वाहतं. म्हणून खोल कडांचे रबरी मॅट घेतले, पुढे आणि मागे दोन्हीकडे, मागच्या माणसाचे पाय सीटखालीच जातात हे लोक विसरतात. गोदावरीला पूर येतो, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं, तेव्हा मी गाडी बाहेर काढतच नाही, साचलेल्या पाण्यातून तर मुळीच नाही. जोराच्या पावसाचे दिवस झाल्यावर जाळी काढून बघितली, डबा कोरडा होता, गॅस्केट जागेवर, कोनवर थोडी माती होती ती मऊ ब्रशने काढली. वॉशिंगवाल्या पोरांना मात्र दर वेळी सांगावं लागतं की सीटखाली शॅम्पू मारू नका आणि व्हॅक्यूमचं तोंड जाळीवर टेकवू नका.

बॅटरीला काही त्रास झालेला नाही. गाडी बंद करून लॉक केली की अॅम्प थोड्या वेळात झोपतो, हे फिटिंगच्या दिवशीच अॅम्पमीटर लावून बघून घेतलं होतं, तुम्हीही बघायला लावा, नाहीतर आठवडाभर गाडी उभी राहिली की सकाळी स्टार्टच होणार नाही.

आता वूफर एवढे चांगले वाजतात म्हटल्यावर दाराचे ४ इंची थोडे मागे पडल्यासारखे वाटतात, खास करून शहनाईला. अॅम्पमध्ये त्यांच्यासाठी चॅनल मोकळे ठेवलेत. द्राक्षाचा हंगाम झाला की ते करायचा विचार आहे, झालं की त्याचंही लिहीन.