बोर्ड, जमियत की मुशावरत: खानदेशातल्या कार्यकर्त्याने वेळ कुणाला द्यावा?

भुसावळ-रावेरकडच्या मुलांबरोबर मी वक्फच्या कागदांवर बसते. कब्रस्तानचा सातबारा, जुने फेरफार, पोर्टलवरची नोंदणी. काम उरकलं की प्रश्न ठरलेला, ‘आपा, देशपातळीवर जोडून घ्यायचं तर कुणाशी?’ नावं तीनच पुढे येतात: मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, जमियत उलमा-ए-हिंद आणि मजलिस-ए-मुशावरत.

मुशावरत मला कल्पना म्हणून सगळ्यात जवळची. १९६४ साली कलकत्ता, जमशेदपूर, राउरकेला इथे दंगली झाल्या. त्यानंतर ऑगस्टमध्ये लखनौला डॉ. सय्यद महमूद यांच्या नेतृत्वाखाली वेगवेगळ्या संघटना एकत्र बसल्या. दंगलीनंतर एकेकट्याने ओरडून काही होत नाही, हे मे १९७०मध्ये जळगावनेही भोगलं. मादन आयोगाने भिवंडी आणि महाडसोबत जळगावचीही चौकशी केली होती. पण मुशावरत ही संघटनांची संघटना. आमच्या तालुक्यात तिचं कुणी माणूस मला आजवर भेटलेलं नाही. निवेदन दिल्लीत निघतं, पोलीस ठाण्यात मात्र आपल्यालाच जावं लागतं.

जमियत उलमा-ए-हिंद ही उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची संघटना, १९१९ची. फाळणीला ठाम विरोध करणारी, म्हणून तिच्याबद्दल घरोघरी आदर. २००८मध्ये तिचे दोन गट झाले, तेव्हा जोडून घेण्याआधी कोणता गट ते विचारा. तिचं खरं बळ कोर्टात आहे. २००६च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या आरोपींना महाराष्ट्र शाखेने वकील दिले. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्या १२ जणांना निर्दोष ठरवलं. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आहे. इतकी वर्षं नेटाने खटला चालवणं सोपं नाही. तुम्ही वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर मी डोळे झाकून इथेच पाठवेन.

आता मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, म्हणजे लग्न, तलाक, वारसा यांच्या मुस्लिम कायद्याची बाजू मांडणारी संस्था. डिसेंबर १९७२च्या मुंबई अधिवेशनातून पुढे १९७३मध्ये हैदराबादला ते उभं राहिलं. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, शिया असे वेगवेगळे पंथ एका मंचावर आणले, ही कमाई मोठी आहे आणि ती मी मनापासून मानते. टीव्हीवर ‘मुसलमानांचं म्हणणं’ म्हणून जे दाखवतात, ते बहुतेकदा बोर्डाचंच असतं. म्हणूनच माझी तक्रारही त्याच्याशीच आहे. तलाकशुदा शाहबानोच्या १९८५च्या खटल्यावेळी पोटगीला विरोध, आणि जुलै २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने तलाकशुदा बाईचा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखालचा पोटगीचा हक्क पुन्हा मान्य केला तेव्हाही ठराव करून विरोध. माहेरी परतलेली बाई केळीच्या वखारीत रोजाने घड धुते, तिची पोटगी कोण देणार, याचं उत्तर त्या ठरावात मला सापडलं नाही.

तरीही मी बोर्डाकडे पाठ फिरवा म्हणत नाही. मे २०१७मध्ये त्याने सुप्रीम कोर्टात लिहून दिलं होतं की, एका दमात तीन तलाक देणार नाही ही अट निकाहनाम्यात घालायला काझींना सांगू. तेव्हापासून मोहल्ल्यातल्या प्रत्येक लग्नात मी निकाहनामा मागून बघते. मेहरची रक्कम, दोन साक्षीदार, वकिलाची (म्हणजे निकाहात मुलीच्या वतीने बोलणाऱ्याची) सही, हे सगळं असतं. अटींच्या जागी आडवी रेघ. बोर्डात जायचं तर ही रेघ घेऊन जा, नुसती घोषणा द्यायला नको.

तडवी मुलांना मात्र मी या तिघांपैकी कुणाकडेच आधी पाठवत नाही. यावल, रावेर, चोपड्याचे तडवी धर्माने मुसलमान आणि घटनेप्रमाणे अनुसूचित जमात. त्यांचे झगडे जात पडताळणीचे, वनहक्क दाव्यांचे. त्यासाठी आदिवासी संघटनांचीच वाट धरावी, आणि त्याने कुणाचा ईमान कमी होत नाही.

येत्या शुक्रवारी नमाजनंतर आम्ही चौघी छापील अटी जोडलेले कोरे निकाहनामे घेऊन इमामसाहेबांना भेटणार आहोत. कुणाला यायचं असेल तर दीडच्या सुमारास या.