ओर्व्हिएतो की सिएना?

रोमला चाललेल्या भाचीला शेतीच्या मुलखातलं, डोंगरावरचं एक जुनं शहर बघायचंय. या दोन नावांत तिचं अडलंय.

प्रवासात ओर्व्हिएतो सरळ जिंकतं. रोम-फ्लोरेन्स मार्गावरच स्टेशन, समोरच वर नेणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढाची रेल्वे. सिएनाला रोमहून रेल्वेने जाताना सहसा गाडी बदलावी लागते. चालायलाही ओर्व्हिएतोचा माथा बराच सपाट; सिएनात सतत चढ-उतार, गुडघ्यांची परीक्षाच.

पाहण्यात मात्र माझा कौल सिएनाला. ओर्व्हिएतोचं कॅथेड्रल देखणं आहे, सान पात्रित्सिओची ५३ मीटर खोल विहीरही. उतरायचा जिना वेगळा, चढायचा वेगळा, म्हणजे पाणी वाहणारी खेचरं समोरासमोर अडत नसत. पण सिएनाच्या पालात्सो पुब्लिकोत, म्हणजे नगरभवनात, चित्रकार आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९मध्ये रंगवलेली भिंत बघाच. वेशीच्या आत दुकानं, बाहेर कापणी, मळणी, लादलेली जनावरं, शहराकडे डुक्कर हाकणारा माणूस. शहर कोणाच्या जिवावर उभं आहे, हे इतकं स्वच्छ क्वचितच कुणी रंगवलं असेल.

गर्दी नको असेल तर २ जुलै आणि १६ ऑगस्टला, पालिओ या घोड्यांच्या शर्यतींच्या दिवशी, सिएना टाळा.

रोमहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल किंवा सोबत वयस्कर माणसं असतील, तर ओर्व्हिएतो. एक रात्र मुक्काम जमत असेल, तर सिएनाच.