नुसतं एबीएस पुरतं का ईएससीवालीच गाडी घ्यावी? बेळगावकरांसाठी

नवी गाडी घेताना आपल्याकडं ठरलेला घोळ, खालचं मॉडेल घेऊन उरलेल्या पैशात मोठा स्क्रीन नि सीट कव्हर टाकायचं की थोडे जास्त घालून ईएससीवालं (म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी सिस्टीम असलेलं) वरचं मॉडेल घ्यायचं. शोरूमवाला म्हणणार, "एबीएस हाय की ओ, अजून काय पायजे?"

एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, 2019 पासून सगळ्याच नव्या कारना सक्तीचं आहे, त्यात शोरूमचा काय उपकार नाही. जोरात ब्रेक मारला तर चाकं लॉक होत नाहीत, स्टेअरिंग फिरवता येतं, बस. पण ब्रेकवर पायच नसेल तर ते गप्प बसून असतं आणि घाटात गाडी घसरते ती बरेचदा ब्रेक न मारताच.

ईएससी मात्र तुम्ही स्टेअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरंच किती वळतेय हे सारखं ताडून बघत असतं. जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताय, धो धो पाऊस, वळणात गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जायला लागला की ते बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतं आणि इंजिनचा जोर कमी करतं. उलट पुढची चाकं घसरून गाडी वळायची सोडून सरळ निघाली तर आतल्या बाजूचं मागचं चाक धरतं. हे कितीबी पट्टीचा ड्रायव्हर असूदे त्याला जमणार नाही, चारी चाकांना मिळून ब्रेकचं पेडल एकच आहे ना!

निपाणी-चिकोडीकडं रात्री लाईट नसलेली उसाची ट्रॉली एकदम समोर आली की झटक्यात स्टेअरिंग कापून परत उलटं फिरवावं लागतं, तिथं तर, त्यात गाडी उंच असली तर, ईएससी पायजेच.

टिळकवाडी ते शहापूर एवढंच फिरणं असेल तर एबीएस चालतंय. घाट किंवा हायवे असेल तर मी तरी ईएससीच घेईन, कारण स्क्रीन नंतर बाहेरून बसवता येतो, हे नाही. फक्त टायर गुळगुळीत असतील किंवा वळणात स्पीडच भलता असेल तर तेही काय करणार.

सेकंडहँड बघताय तर इग्निशन ऑन केल्यावर घसरणाऱ्या गाडीच्या चित्राची ईएससीची पिवळी लाईट लागून विझायला पायजे, लागलेलीच राहिली तर सिस्टीम बंद तरी आहे नाहीतर बिघडलीय. चालवताना लुकलुकली तर घाबरू नका, सिस्टीम काम करतेय. शेतात चिखलात गाडी रुतली तर मात्र बटन दाबून ईएससी बंद करा, नाहीतर इंजिनचा जोरच मिळत नाही, आणि डांबरीवर आलात की आठवणीनं चालू करा.