ग्वाल्हेरचा मे महिना, बीओडी इन्क्युबेटर आणि लिश्मानिया

काळ्या आजाराचा परजीवी वाढवायला महागडा सीओटू (कार्बन डायऑक्साइड सोडणारा) इन्क्युबेटर लागत नाही. हा परजीवी म्हणजे लिश्मानिया डोनोव्हानी. त्याचं कशाभिका (शेपटीसारखा हलणारा धागा) असलेलं रूप, म्हणजे प्रोमॅस्टिगोट, सँडफ्लाय या चावऱ्या माशीच्या आतड्यात वाढतं. फ्लास्कमध्ये त्याला 25-26 अंश आणि घट्ट झाकण पुरतं. मुळात हे रूप हाती लागलं तेच थंडाव्यामुळे. 1904 साली कोलकात्यात लेनर्ड रॉजर्स यांनी रुग्णाच्या प्लीहेतलं रक्त शरीरापेक्षा कमी तापमानाला ठेवलं, तेव्हा गोल परजीवींना कशाभिका फुटलेली दिसली. कुत्र्याच्या लसिकाग्रंथीतून काढलेल्या लिश्मानिया इन्फंटमलाही हेच तापमान लागतं. देशी बनावटीचा 6 घनफुटी बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे हीटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही असलेलं कपाट, या कामाला चालतो का? चालतो. बीओडी (बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड) हे नाव सांडपाण्याच्या चाचणीवरून पडलं, आणि भारतीय मानकानुसार ती चाचणी 27 अंशांवर 3 दिवस चालते. म्हणजे यंत्र बनलंय तेच शेजारच्या आकड्यासाठी.

अडचण आहे ती ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची. इथे मेमध्ये पारा 45च्या वर जातो, आणि हा कॉम्प्रेसर खोलीच्या किती तापमानापर्यंत काम करेल हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. 43 अंश लिहून देत असतील तरच घ्या. बंद खोलीत, भिंतीला चिकटून ठेवलेल्या यंत्राचा कॉम्प्रेसर दुपारी थांबतच नाही. शेवटी तापून ओव्हरलोड (कॉम्प्रेसर वाचवणारा स्विच) तुटतो आणि आतलं तापमान खोलीच्या मागे चढायला लागतं. मागे किमान वीतभर जागा सोडा, पश्चिमेची खिडकी टाळा.

पॅनेलवर 26.0 दिसतं ते फक्त सेन्सरच्या टोकाचं तापमान. वरच्या आणि खालच्या कप्प्यात दीड-दोन अंशांचा फरक निघाला तर नवल नाही. तिन्ही कप्प्यांत पाण्याने भरलेली एकेक बाटली ठेवा, थर्मामीटर त्यात बुडवा आणि 24 तासांनी वाचा. दार उघडलं की हवेतला पारा लगेच हलतो, पाण्यातला हलत नाही. जो कप्पा खरा निघेल तो कल्चरचा, बाकीचे माध्यमाच्या बाटल्यांना.

उष्णता आणि थंडी यांत परजीवीला उष्णता जास्त बाधते. 20 अंशांवर वाढ मंदावते, एवढंच. 32च्या पुढे पेशी गोल होऊ लागतात, आणि 37च्या आसपास कशाभिका आखडते. म्हणून अलार्म वर 28ला आणि खाली 20ला लावा. हीटर चालवणारा सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतो तेव्हा बहुधा 'चालू'च राहतो. मग जानेवारीच्या रात्री बाहेर 6 अंश असताना आत कल्चर शिजतं आणि कंट्रोलर हताशपणे 41 दाखवत बसतो. हीटरच्या वायरीत 30 अंशांना तोडणारा वेगळा सेफ्टी थर्मोस्टॅट हवाच. स्वस्त मॉडेलमधून पहिला गाळला जातो तो हाच.

वीज आल्या आल्या कॉम्प्रेसर सुरू होता कामा नये. 3 मिनिटांचा टाइम डिले मागून घ्या. स्टॅबिलायझर सुरुवातीचा झटका धरून 2 केव्हीएचा. रिकाम्या कप्प्यात पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या ठेवल्या तर वीज गेल्यावर तापमान सावकाश चढतं, फक्त दार उघडायचं नाही.

पंख्याची हवा 96 खाचांच्या प्लेटला सोसत नाही. मिल्टेफोसीन या काळ्या आजारावरच्या औषधाची 72 तासांची चाचणी असेल तर कडेच्या खाचा सुकतात, औषध दाट होतं आणि आयसी-50 (वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) चुकतो. कडेला नुसतं बफर भरा, प्लेट ओल्या कापसासकट डब्यात ठेवा. पावसाळ्यात कूलिंग कॉइलवरून थेंब गळतात आणि बुरशी धरते. ड्रेन साफ ठेवा, आतून 70 टक्के अल्कोहोलने पुसा. ब्लीचने स्टीलला खड्डे पडतात. बुरशीच्या प्लेटा ठेवायला शेजारच्या विभागाला कप्पा देऊ नका, कितीही ओळखीचे असले तरी.

यंत्र नीट आहे की नाही हे शेवटी सूक्ष्मदर्शक सांगतो. एम-199 माध्यमात 10 टक्के सीरम घालून मिलीलिटरला 10 लाख पेशींनी सुरुवात करा. तिसऱ्या दिवशी 400 पटीखाली लांबट पेशी कशाभिका पुढे धरून पळताना दिसल्या पाहिजेत. गोल होऊन पडल्या असतील तर सीरमला दोष देण्याआधी बाटलीतला थर्मामीटर बघा.

कॉम्प्रेसरचा गॅस भरायला ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला कुठलाही फ्रिजचा मिस्त्री चालतो. कंट्रोलरसाठी मात्र कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. जादा कंट्रोलर आणि सेन्सर पहिल्याच बिलात घाला. आणि पीएच 5.5ला, 37 अंशांवर अ‍ॅमॅस्टिगोट (माणसाच्या शरीरातलं गोल रूप) करायचे असतील तर हेच यंत्र वर-खाली करू नका. त्याला साधा बॅक्टेरिऑलॉजिकल इन्क्युबेटर पुरतो, त्यात कॉम्प्रेसरची भानगडच नाही.