पाण्याची बाटली, प्रश्नावली की शिवारफेरी?

विदर्भातल्या गावाचा पर्यावरणाचा प्रश्न अभ्यासायला घेतला की बहुतेक विद्यार्थी आणि कार्यकर्ते पहिल्याच आठवड्यात प्रश्नावली छापतात. माझ्या मते तिची जागा शेवटी आहे. आधी एवढंच ठरवावं: जे शोधायचं आहे, ते लोकांना ठाऊक असू शकतं का? पद्धतीची निवड बरीचशी तिथेच होते.

दोन प्रकारची पाणी शेजारी ठेवून बघा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट आहे हे कळायला यंत्र लागत नाही. कोणती विहीर कधीपासून मचूळ झाली, कोणत्या पाण्यात डाळ शिजत नाही, कोणतं पाणी दिलं की पीक करपतं, हे तिथल्या बाया आणि शेतकरी बिनचूक सांगतात. अशा ठिकाणी शिवारफेरी काढावी, घरोघरच्या बायांशी निवांत बोलावं. विहिरींचा नकाशा त्यातूनच उभा राहतो, आणि पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर त्याला आकडे देतो.

यवतमाळच्या केळापूर, झरी-जामणी भागातल्या फ्लोराइडचं तसं नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. गावभर विचारत फिरलात तरी ‘पाणी चांगलं आहे’ हेच उत्तर मिळेल. टीडीएस मीटरचाही इथे उपयोग नाही, कारण तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. नमुना तपासायलाच हवा.

तो कुठे तपासायचा? जलजीवन मिशनमधून गावोगावी आलेला फील्ड टेस्ट किट रंग जुळवून अंदाज देतो. गावातल्या सगळ्या हातपंपांतून संशयाचे कोणते, हे वेगळं काढायला तो चांगला आणि स्वस्त आहे. पण भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ आहे. एवढ्या बारीक फरकाचा निवाडा रंगावरून करू नये. अधिकाऱ्यांपुढे किंवा न्यायालयात कागद ठेवायचा असेल तर अहवाल प्रयोगशाळेचाच हवा. बाटली प्लास्टिकची घ्यावी, कारण काचेमुळे फ्लोराइडचं माप बिघडू शकतं. पंप आधी काही मिनिटं हापसावा. नमुने एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर घ्यावेत. जंतूंची तपासणी असेल तर बाटली निर्जंतुक हवी आणि बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचायला हवी. गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडकडच्या गावातून हे जमणार नसेल, तर एचटूएस बाटली जास्त भरवशाची: पाणी भरून ती गावातच ठेवायची आणि जंतूंमुळे काळी पडते का ते बघायचं.

फ्लोराइडसाठी आणखी एक पद्धत आहे आणि ती मला फार मोलाची वाटते: शाळेत दंतवैद्याकडून मुलांचे दात तपासून घेणं. पक्के दात तयार होत असताना, म्हणजे अगदी लहानपणी, पोटात गेलेलं पाणी फ्लोराइडमुळे दातांवर पडणाऱ्या डागांत दिसतं. बाटली आजचं पाणी सांगते, बारा वर्षांच्या मुलाचे दात काही वर्षांपूर्वीचं. मधल्या काळात गावाला नळयोजना मिळाली असेल तर दोन्ही निष्कर्ष वेगळे येतील, आणि दोन्ही खरे असतील.

भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचा अभ्यास करायचा असेल तर उपग्रहाच्या चित्रांचा मोह होतो. तो योग्यच आहे, कारण लँडसॅट उपग्रहाची, एक ठिपका ३० मीटरचा असलेली चित्रं १९८०च्या दशकापासूनची फुकट मिळतात. पण एकरभर बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, त्या चित्राचे जेमतेम चार-पाच ठिपके बसतात. सेंटिनेल-२ ची १० मीटरची चित्रं बोडीला पुरतात, मात्र ती २०१५ नंतरचीच. भर पावसाळ्यात ढगांमुळे दोन्हींची पंचाईत होते. शिवाय बेशरमाची झुडपं आणि पाणवनस्पती माजलेला तलाव वरून हिरवा दिसतो आणि चित्रात पाणी आटलं असं वाटतं. तलावात जाळं टाकणारे ढिवर बांधव गाळ कुठे साचला, कोणती मासळी मिळेनाशी झाली हे सांगतात. ते कोणत्याही चित्रात नाही. म्हणून क्षेत्रफळासाठी उपग्रह, कारणांसाठी ढिवर.

वणी-घुग्गुसच्या कोळसा पट्ट्यात धुळीसाठी स्वस्त सेन्सर लावण्याआधी थांबा. असे सेन्सर बारीक कण बऱ्यापैकी पकडतात, पण ट्रकच्या रस्त्यावरची भरड धूळ कमी दाखवतात. पावसाळी दमट हवेत ते उलट आकडा फुगवतात. दिवसाच्या कोणत्या वेळी धूळ वाढते हे बघायला ते पुरेत. पीएम-१० ची, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची, २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ती ओलांडली असं म्हणायचं असेल तर फिल्टरवर धूळ गोळा करून वजन करणारं यंत्रच लागेल.

मग प्रश्नावली कुठे? फवारणीसारख्या विषयात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोण फवारतं, कोणती औषधं एकत्र मिसळतात, अंगावर काय असतं, हे माणसालाच विचारावं लागतं. पण सातबाऱ्यावरची नावं घेऊन घरोघर गेलात तर मालक भेटेल. पंप पाठीवर घेणारा मजूर भेटेलच असं नाही. त्याला मालकासमोर विचारूही नका. गटचर्चेतही सरपंच बसले असले की मजूर गप्प राहतात. अशा वेळी एकेकट्याची मुलाखतच घ्यावी. गडचिरोलीत एप्रिल-मे टाळावेत, कारण मोहफुलं आणि तेंदूपत्त्यासाठी माणसं पहाटेच जंगलात जातात.

भूजल खाली गेलं का, हा प्रश्न असेल तर एका हंगामात स्वतः विहिरी मोजून उत्तर मिळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आधी ती मागची वर्षं मागवून घ्यावीत, आणि तुमच्या गावाजवळ निरीक्षण विहीर नसेल तरच टेप घेऊन निघावं.