सव्वा लाख किलोमीटर झालेली डिझेल एसयूव्ही: वापरून बनलेलं मत

इंजिन दणकट, पण त्याच्या भोवतालचं सामान नाजूक. सव्वा लाख किलोमीटरला घेतलेली ही सात आसनी, दोन लिटर डिझेल, ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी), मॅन्युअल गिअरची गाडी आता दीड लाखाच्या पुढे गेली आहे, आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कंच होत चाललंय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अशी यंत्रणा असलेल्या बहुतेक डिझेल एसयूव्ही थोड्याफार फरकाने हीच दुखणी काढतात.

घेताना मालकाला एकच विनंती केली होती: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून इंजिन गार असल्याची खात्री केली आणि मगच सेल्फ मारायला सांगितला. गार इंजिन काही लपवत नाही. ग्लो प्लग (गार इंजिनाला सुरू होताना आतून ऊब देणारे) गेले असतील तर सुरू व्हायला कुरकुर करतं, टायमिंग चेन सैल असेल तर पहिले काही सेकंद खडखडतं. धुराकडे नीट बघायचं. निळा असेल तर ऑइल जळतंय. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. ॲक्सिलरेटर दिल्यावर भरपूर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, मग इंजेक्टर, टर्बोचे पाइप, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) सगळं तपासायचं. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं आणि आजही नाही. ऑइल खात नाही, पिकअप उत्तम, चढाला भरलेली गाडी दम न लागता जाते.

त्रास दिला तो डीपीएफने, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणाऱ्या फिल्टरने. ही काजळी जाळायला फिल्टरचं तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी गाडी थोडंफार जादा डिझेल सोडते आणि ते जळायला तिला सलग, मोकळा रस्ता हवा असतो. गर्दीत दहा मिनिटं चालवून बंद केली की हे काम अर्धवट राहतं. पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्धवट. दरम्यान न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. आधीच्या मालकाचं फिरणं बहुतेक असंच असावं, कारण पहिल्यांदा डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं, बोटाला पातळ लागत होतं आणि त्याला डिझेलचा वास होता. ऑइल कमी असलं की सगळे घाबरतात. डिझेल गाडीत ते आपोआप वाढलेलं दिसलं तर तितकंच सावध व्हा, कारण पातळ झालेलं ऑइल टर्बोचं आणि इंजिनाचं बेअरिंग खातं. मी ताबडतोब ऑइल-फिल्टर बदलून घेतले आणि तेव्हापासून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतराच्या अर्ध्यावरच बदलतो.

पुढे गाडीच्या संगणकात पी०४०१ हा बिघाडाचा कोड आला, ईजीआरमधून पुरेसा धूर परत जात नसल्याचा. एका गॅरेजने पाहताक्षणी नवा व्हॉल्व्ह सांगितला. दुसऱ्या मेकॅनिकने तो खोलून दाखवला तर आत काजळीचा डांबरासारखा थर. साफ करून बसवला आणि काम भागलं. डीपीएफ काढूनच टाका, असा सल्लाही मिळाला. मला तो मुळीच मान्य नाही. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, आणि तो धूर मागून येणाऱ्यांच्या फुप्फुसात जातो. रोज चार-पाच किलोमीटरच जायचं असेल तर सरळ पेट्रोल गाडी बघा.

हे कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल एक महत्त्वाचं. कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका, कारण विकण्याआधी ते दोन मिनिटांत पुसता येतात. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यानंतर किती किलोमीटर झाले हेही स्कॅनरवर दिसतं. तो आकडा अगदी छोटा निघाला तर कारण विचारा. तसंच इग्निशन देताच एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी छेडछाड केलेली असू शकते. आणि ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल (दुरुस्तीसाठी परत बोलावणं) जगभरात कोट्यवधी गाड्यांना लागू झाला होता, तेव्हा चॅसिस नंबर गाडीच्या कंपनीच्या रिकॉल यादीत तपासूनच घ्या.

टायर पाहताना मी फक्त नक्षी बघत नाही. कडेच्या कोडचे शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. ऑल व्हील ड्राइव्हला चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले लागतात. दोन नवे, दोन गुळगुळीत अशी जोडी असेल तर पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या कपलिंगवर सतत ताण येतो. रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडखळली, धक्के देऊ लागली तर निदान कपलिंगचं ऑइल तरी बदलायला झालेलं असतं.

सस्पेन्शनची कटकट किरकोळ. छोट्या खड्ड्यांवर पुढून टकटक आली ती लिंक रॉडची, स्वस्तात मिटली. लोअर आर्मचे बुशही बदलले, कारण पुढचे टायर आतल्या बाजूने झिजायला लागले होते. एसी, काचा, सीट यांबद्दल तक्रार नाही.

आता उरलीय ती फ्लायव्हीलची (इंजिन आणि क्लचमधल्या जड चाकाची) खडखड. गाडी बंद करताना गचका बसतो आणि न्यूट्रलला ऐकू येणारा आवाज क्लच दाबला की कमी होतो. मेकॅनिकच्या मते अजून काही महिने चालेल. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हील हे सगळं एकदमच बदलायचं ठरवलंय, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला द्यायची.