जुन्या गाडीची चाकं: छोटी कॅप, ट्रिम रिंग, पूर्ण कॅप की स्पोक?

बहुतेक जण आधी कॅप (चाकाच्या तोंडावर बसणारं झाकण) पसंत करतात आणि मग ती बसेल असं चाक शोधत फिरतात. क्रम उलटा हवा. कॅप कशावर अडकणार आणि ट्रिम रिंग (रिमच्या कडेची चकाकती पट्टी) किती आत जाणार हे चाकाच्या घडणीतच ठरलेलं असतं, म्हणून आधी चाक पक्कं करा.

त्यासाठी दोन मापं चुकवून चालणार नाहीत. एक म्हणजे नटांच्या भोकांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी. अनेक जुन्या शेव्हरलेट गाड्यांचं माप 5 × 4.75 इंच आहे, म्हणजे पाच भोकं आणि वर्तुळाचा व्यास 4.75 इंच (120.65 मिमी). त्यावर 5 × 120 मिमीचं चाक चढतं, नटही आवळले जातात. पण स्टड (नट चढतात ते आट्यांचे दांडे) तिरके ओढले जातात, नट शंकूत (भोकाच्या निमुळत्या बैठकीत) पूर्ण टेकत नाही आणि चालता चालता सैल होतो. दुसरं माप मागच्या खोलीचं. चाक पालथं ठेवा, मागच्या काठावर सरळपट्टी आडवी धरा आणि तिथून हबला (चाक ज्यावर चढतं त्या मधल्या भागाला) टेकणाऱ्या भागापर्यंत मोजा. 7 इंची रिमची काठांसकट रुंदी साधारण 8 इंच भरते, म्हणून शून्य ऑफसेटला, म्हणजे हबला टेकणारा भाग रिमच्या बरोबर मध्यावर असताना, ही खोली 4 इंच येते. अर्ध्या इंचाचा फरकही टायर स्प्रिंगला किंवा मडगार्डला घासायला पुरतो. ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले असतील तर 14 इंची चाक कॅलिपरला (डिस्कला पकडणाऱ्या भागाला) अडतं का, तेही टायर चढवण्याआधीच फिरवून बघा.

पोलादी चाक आणि छोटी कॅप. सर्वांत कमी कटकटीची जोडी. कॅप चाकावरच्या तीन-चार उंचवट्यांवर अडकते आणि बिघाडही तिथेच होतो. पावडर कोटिंगचा जाड थर उंचवट्यांवर बसला की कॅप पूर्ण आत जात नाही. मग लोक मधोमध हातोडा मारतात आणि कॅपला खळगा पडतो. कोटिंग करताना उंचवटे झाकायला सांगा आणि नंतर त्यांवर रंगाचा पातळ हात द्या. नट टेकतात त्या शंकूंवरही जाड थर नको. तो दबला की नटाचा ताण जातो.

त्याच चाकावर ट्रिम रिंग. चाकं सरळ असतील तर आमची पसंती हीच. रंगीत चाक, कडेला चकाकती पट्टी, मधे छोटी कॅप: एवढ्याने गाडी खुलते आणि ब्रेकची हवाही अडत नाही. मात्र रिंग नुसती '15 इंची' म्हणून घेऊ नका. त्याच व्यासाच्या रिंगा वेगवेगळ्या खोलीच्या येतात. रिमच्या काठापासून आतल्या पायरीपर्यंतची खोली मोजा. जास्त खोल रिंग पायरीवर टेकते, बाहेरून उभी राहते आणि खड्ड्यात निसटते. काठावर ठोकून बसवलेली बॅलन्सिंगची वजनंही तिला तशीच उचलून धरतात, त्यामुळे आतल्या बाजूने चिकटवायची वजनं लावून घ्या. रिंग सैल असेल तर ब्रेक मारताना थोडी थोडी सरकते आणि तिच्या भोकाची धार व्हॉल्व्हची मान कापते. रिंग आणि रिम या दोन्हींवर मार्करने एक रेघ ओढा. काही दिवसांनी रेघा जुळत नसतील तर पकडणाऱ्या पात्या बाहेर वाकवाव्या लागतील.

स्टेनलेस की क्रोम? स्टेनलेस. पोचा आला तरी ठोकून, पॉलिश करून परत येतो. पोलादावरचा क्रोम पात्यांच्या ओरखड्यांपासून गंजू लागतो. चुंबक चिकटलं म्हणून रिंग स्टेनलेस नाही असं मात्र समजू नका. 430 जातीच्या स्टेनलेसलाही ते चिकटतं. रिंगेमागे पाणी आणि माती साचते, म्हणून वर्षातून दोनदा ती काढून रिम धुवा आणि कोरडी करा.

पूर्ण कॅप, म्हणजे सगळं चाक झाकणारी. चाकाचा चेहरा खराब असेल, किंवा गाडी कारखान्यातून तशीच निघाली असेल, तर हीच घ्या. पण ती रिमच्या कडेला दातांनी धरते आणि तीच कड चालताना लवचते. बायस-प्लायच्या (रेडियलच्या आधीच्या, तिरक्या थरांच्या टायरच्या) काळातल्या रिमवर रेडियल टायर चढवले की ही लवचण वाढते. कॅप करकरते, फिरते, एखाद्या वळणावर उडूनही जाते. अशा रिमवर रंगाखाली बारीक भेगा आहेत का ते आधी नीट बघा.

स्पोकची चाकं. दिसायला यांच्यासारखं दुसरं नाही, आणि निगाही यांनाच सर्वांत जास्त लागते. एमजीबीला 60 स्पोक, जग्वार ई-टाइपला 72. पेन्सिलने एकेक स्पोक वाजवा. खणखणीत नाद आला तर ताण आहे, बद्द वाजला तर सैल. रिमला स्पोकची भोकं असल्यामुळे साधारणपणे ट्यूब आणि रिमची पट्टी लागतेच. गाडी पुढे-मागे घेताना 'टक्' ऐकू आलं तर स्प्लाइन (चाक आणि हब एकमेकांत अडकवणारे दाते) झिजले असं धरा. अशा हबवर नवं चाक चढवणं म्हणजे तेही झिजवणं. मधल्या मोठ्या नटाचे आटे डाव्या बाजूला उजवे आणि उजव्या बाजूला डावे असतात. हब अदलाबदल झाले तर नट चालतानाच सुटतो. गाडी मूळ रूपात हवी असेल तर हेही पाहा: अमेरिकेत 1968 पासून कानांचे (हातोड्याने ठोकून फिरवायचे, बाहेर पंख असलेले) नट नियमाने बंद झाले, त्यामुळे तिकडच्या पुढच्या गाड्यांवर अष्टकोनी नट आले.

अलॉय. हलकी असतात, पण नटाची बैठक वेगळी असू शकते: कुठे शंकू, कुठे वॉशरसह सरळ दांडा. जुने नट त्यांवर वापरू नका. जुनी मॅग्नेशियमची चाकं भेगांची तपासणी करून घेतल्याशिवाय रस्त्यावर आणू नयेत.

कॅप बसवताना आधी व्हॉल्व्हचं भोक जुळवा, ती बाजू आत दाबा आणि मग रबरी हातोड्याने कडेकडेने, समोरासमोर हलके टोले द्या. काढताना रुंद पट्टीला कापड गुंडाळा आणि तीन-चार जागांवरून थोडी थोडी उचला. एकाच जागी जोर दिला की कड वाकते, आणि पुढच्या वेळी कॅप तिथूनच सुटते.